हलू नको

लोणारचा माझा पहिला व्हिडिओ चौदा मिनिटांचा होता. मामाच्या ओसरीत बसून आम्ही तो पाहिला. चौथ्या मिनिटाला मामानं डोळे मिटले. मला वाटलं, डुलकी लागली. तर म्हणतो, "अबे, तू तलाव दाखून राहिला का तुहे पाय? डोस्कं गरगरलं ना माह्यं."

खोटं नव्हतं. उतरताना फोन चालूच ठेवला होता. त्यामुळे पायवाट, चपला, झाडोरा, आभाळ, पुन्हा चपला. फोर-केमध्ये घेतल्याचा फायदा एवढाच, की डाव्या चपलेचा उसवलेला टाका अगदी स्वच्छ दिसत होता. आणि काठावरून तळं दाखवताना मी फोन असा फिरवला, जसा भिंतीवर चुन्याचा हात मारावा. उल्का आदळून झालेलं, या कड्यापासून त्या कड्यापर्यंत सुमारे 1.8 किलोमीटरचं विवर मी तीन सेकंदांत उरकलं होतं.

मामानं आयुष्यात कॅमेरा धरलेला नाही, पण पेरणीची तिफण धरलीय. म्हणाला, "तिफण धरतानी खाली नाही पाहाचं. समोरच्या धुऱ्यावरची बाभूय धराची नजरेत. तास नीट जाते."

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा हे डोक्यात होतं. आधी शेवट ठरवला : पलीकडच्या कड्यावरचं एक एकटं झाड. पाय त्या झाडाकडे तोंड करून रोवले, मग नुसती कंबर वळवून फोन सुरुवातीच्या टोकाला नेला. आता पीळ सुटेल तसं सावकाश त्या झाडाशी येऊन थांबायचं. याच्या उलट केलं, तर शेवटी अंगाला पीळ पडतो आणि नेमका तिथंच हात थरथरतो. दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवलेली, फोन दोन्ही हातांत, श्वास अर्धा सोडून धरलेला. बारा सेकंद. झाडाशी आल्यावर आणखी तीन सेकंद गप उभं राहायचं. हे सगळ्यात अवघड.

उजेडाचं मात्र मामाला सांगता येईना. मे महिन्यात आमच्याकडे सकाळी नवालाच ऊन असं पांढरं होतं, की आभाळ धरावं तर दरी काळी, दरी धरावी तर आभाळ गायब. म्हणून तांबडं फुटायला निघालो. दैत्यसूदन मंदिरात उलटा प्रकार. आतल्या अंधारात फोन आपल्या मनानं उजेड वाढवायला जातो आणि चित्रात रवा सांडल्यासारखे दाणे येतात. तिथं उजेडाच्या दारावर बोट दाबून धरलं, फोकस आणि प्रकाश तिथंच बांधून टाकला. खांब काळे आले. येऊ देत की, ते अंधारातच उभे आहेत. (फोनचं हे आपल्या मनानं सुधारणं मला पटत नाही. 2020 च्या जूनमध्ये तळ्याचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा आलेल्या प्रत्येक व्हिडिओत गुलाबी वेगळा होता. एकात गुलाबाचं सरबत, एकात विटेचा चुरा. खरा कोणता, ते जो काठावर होता त्यालाच ठाऊक.)

कड्यावर वारा फार. पहिल्या व्हिडिओत माझं बोलणं सूप पाखडल्यासारखं ऐकू येतं. या खेपेला कॉलरच्या माइकला कापसाचा बोंडका गुंडाळला. बाजारात भाव वाढायची वाट पाहत मामाच्या खोलीत कापूस पडलेलाच होता. सरकी तेवढी काढली. कापूस कशाला तरी कामी आला म्हणून मामा हसला. पण ते हसणं काही फार खुशीचं नव्हतं.

दहाच्या सुमारास फोननं मान टाकली. तापला म्हणे. त्याच्या माहितीपत्रकात 35 अंशांपर्यंतची हवा चालते असं लिहिलंय. आमच्याकडे तेवढी तर मार्चमध्येच होते. घरी आलो तर मामा फोन ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवायला निघाला. धावत जाऊन काढून घेतला. ओल आत शिरली तर संपलंच. निंबाच्या सावलीत, कव्हर काढून, बाजेवर ठेवला. अर्ध्या तासात शुद्धीवर आला.

संध्याकाळी मामा म्हणाला, "माह्या बैलाईचा काढ ना एक."

धुतलेलं धोतर, खांद्यावर दुपट्टा, दोन्ही बैलांच्या मधे मामा. मी गोठ्याच्या खांबाला पाठ लावली, बटण दाबलं. दहा सेकंद झाले, वीस झाले. बैल रवंथ करतायत, एकानं शेपटीनं माशी हाणली, आणि मामा श्वाससुद्धा न घेता दगडासारखा उभा.

"मामा, थोडं हला ना. फोटो नाही हा."

ओठ न हलवता मामा म्हणाला, "सकाळपासून तूच तं म्हणून राहिला, हलू नको म्हणून."