‘हागिआस्मोस’

आज संध्याकाळच्या बायबल अभ्यासात थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राचा, म्हणजे प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्राचा, ४ था अध्याय घेतला होता. तुमचं पवित्रीकरण व्हावं हीच देवाची इच्छा, असं पौल ३ ऱ्या वचनात लिहितो. मूळ ग्रीक शब्द ‘हागिआस्मोस’. तो ज्यापासून आला तो ‘हागिओस’, म्हणजे देवासाठी वेगळं काढलेलं. याच वचनात पुढे जारकर्मापासून दूर राहायला सांगितलंय, त्यामुळे चर्चा बहुतेक वेळा तिथेच थांबते. आजही थांबली.

घरी येऊन लेवीय १९ उघडलं, म्हणजे जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाचा १९ वा अध्याय. ‘पवित्र असा’ ही आज्ञा तिथे आहे, आणि हिब्रू शास्त्राच्या जुन्या ग्रीक भाषांतरात तिथेही हाच ‘हागिओस’. पण तिचा अर्थ तो अध्याय किती जमिनीवरून सांगतो! शेत कडेपर्यंत कापू नका, कापणीनंतर शेतात उरलेला सरवा गोरगरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडकवू नका. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका. वजनमाप खरं ठेवा. देवळातल्या सोवळ्याओवळ्यापेक्षा हे मला फार अवघड वाटतं, कारण यात रोज समोर माणूस असतो.

आणि करिंथ! पौलाने पत्र लिहिलेलं हे आणखी एक शहर. तिथली ख्रिस्ती मंडळी गटबाजी करत होती, एकमेकांना कोर्टात खेचत होती, प्रभुभोजनातही, म्हणजे येशूच्या आठवणीत एकत्र घ्यायच्या भोजनातही, कुणी उपाशी राहत होतं. पौल त्यांना कडक बोलतो, पण पत्राच्या सुरुवातीलाच ‘पवित्र जन’ म्हणून हाक मारतो. आधी हाक, मग सुधारणा. हा क्रम मला फार धीर देतो. पुढच्या अभ्यासात लेवीय १९ घ्यायची विनंती मी केली आहे.