नेत्रतपासणीची दोन दिवसांची फेरी: मागून जाणाऱ्यांसाठी

पहिला दिवस वस्तीवर तपासणीचा, दुसरा मोतीबिंदूच्या रुग्णांना रुग्णालयात पोचवण्याचा. तपासणीचं सामान स्वस्त असतं आणि दोन पिशव्यांत मावतं. पैसा आणि माणसं खरी लागतात ती गाडीला आणि फेरतपासणीला, हे धरूनच बेत आखा.

तक्ता दोन प्रकारचा न्या, अक्षरांचा आणि 'ई'च्या दिशा हाताने दाखवायचा. ६ मीटर अंतर टेपनेच मोजा. इथे पावलांनी मोजलेलं अंतर ५ मीटरच भरलं. तेवढ्यावरून ६/१२ची ओळ (चांगल्या नजरेला १२ मीटरवरून दिसणारी) वाचणाऱ्याची नजर खरं तर ६/१४च्या आसपास असते. तासभराच्या नोंदी परत कराव्या लागल्या. सकाळी सावलीत टांगलेल्या तक्त्यावर अकराच्या सुमारास ऊन आलं आणि कागद चकाकायला लागला, तेव्हा भिंत निवडताना दुपारचं ऊनही बघून ठेवा. डोळा तळहाताने झाकायला सांगा. बोटांनी झाकला की फटीतून हमखास डोकावतात, आणि त्यांना ते कळतही नाही.

६/१२ची ओळ वाचता आली नाही की पिनहोल (बारीक छिद्राची पट्टी) डोळ्यापुढे धरा. त्यातून जास्त ओळी वाचल्या तर चष्म्याची रांग, फरक पडला नाही तर टॉर्चची. ऑटोरिफ्रॅक्टर (नंबर आपोआप मोजणारं यंत्र) होता, पण वीज सारखी खालीवर होत असल्याने त्याचा भरवसा धरला नाही. बॅटरीवरचा रेटिनोस्कोप (डोळ्यात उजेड टाकून नंबर मोजायचा) आणि ट्रायल बॉक्स (बदलून बघायच्या भिंगांची पेटी) यांवर दिवस निघाला.

चाळिशीच्या चष्म्यांचा साठा +१.०० ते +३.०० ठेवा. 'अक्षर मोठं दिसतं' म्हणून लोक जास्तीचा नंबर मागतात. देऊ नका. साठीच्या माणसाला +२.५०ने साधारण ४० सेंटीमीटरवर स्पष्ट दिसतं, त्यापलीकडचं पुसट. हातभर अंतरावर काम करणाऱ्याला तो चष्मा निरुपयोगी, मग तो खुंटीला. हातात सुईदोरा किंवा त्याच्याच कामाची वस्तू देऊन नंबर ठरवा. तयार चष्मा फक्त दोन्ही डोळ्यांचा नंबर जवळपास सारखा आणि तिरका नंबर नगण्य असेल तरच.

बाहुली मोठी करायच्या थेंबांआधी टॉर्च कानशिलाच्या बाजूने आडवा धरा. नाकाकडच्या बुबुळावर सावली पडली तर डोळ्याची पुढची पोकळी उथळ आहे; थेंबांनी काचबिंदूचा झटका येऊ शकतो. अशांना थेंब न घालता डॉक्टरांकडे पाठवा. थेंबांना अर्धा तास लागतो आणि जवळचं पुढे काही तास धूसर दिसतं, म्हणून चष्म्याचं काम आधी उरका. इथे चारपाच जण उलट क्रमाने गेले आणि जवळच्या तक्त्यापुढे नुसतेच बसून राहिले.

शस्त्रक्रियेची यादी करताना रक्तदाब आणि साखर वस्तीवरच बघा, नाहीतर माणूस रुग्णालयाच्या दारातून परत येतो. नाकाजवळची अश्रुपिशवी दाबून पू येतो का तेही बघा. तो जंतू डोळ्यात गेला तर डोळाच जातो. पिकलेल्या मोतीबिंदूतही उजेड कुठल्या बाजूने येतो ते कळलं पाहिजे. उजेडच कळत नसेल तर शस्त्रक्रियेने नजर येणार नाही, हे घरच्यांना तिथेच स्पष्ट सांगा. अवघड असतं, पण फुकटची आशा त्याहून वाईट.

शस्त्रक्रिया रुग्णालयातच. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६मध्ये मदुराईत ११ खाटांवर सुरू केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाचा कित्ता इथे उपयोगी: तपासणी वस्तीवर, रुग्णांच्या ने-आणीची जबाबदारी संस्थेची, चष्मे शक्यतो जागेवरच. १९९२पासून ऑरोलॅबने (अरविंदच्याच भिंगं बनवणाऱ्या संस्थेने) कृत्रिम भिंगं स्वस्त केली, त्यामुळे आता भिंगापायी कोणी अडत नाही. अडतं ते येण्याजाण्यावर.

शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि चार ते सहा आठवड्यांनी तपासणी. पक्का नंबर शेवटच्या वेळी. या तारखा गाडी सुटण्याआधी कार्डावर लिहा. दुखणं वाढलं, नजर कमी झाली किंवा पू आला तर त्याच दिवशी निघायचं, हे सोबतच्या माणसाकडून परत वदवून घ्या. त्यासाठी तो माणूस गाडीत हवा. वीस आसनांची गाडी म्हणजे दहाच रुग्ण.