शायर नको, ब्री हवं

सातवीतल्या एका मुलीसाठी शाळेत काय बदल करावे लागतील ते पाहून सांगा, असा मुख्याध्यापिकांचा फोन आला होता. मुलीला अकॉन्ड्रोप्लेजिया आहे, उंची जेमतेम साडेतीन फूट. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. माणसाचं शरीर आणि त्याला रोज हाताळाव्या लागणाऱ्या वस्तू यांचं एकमेकांशी जमवून देणं हे माझं काम. टेप, वही आणि पुठ्ठ्याचे तुकडे घेऊन मी शाळेत पोचले तेव्हा मुलगी आणि तिची आई व्हरांड्यात थांबल्या होत्या.

अकॉन्ड्रोप्लेजियामध्ये एफजीएफआर३ या जनुकातल्या बदलामुळे लांब हाडांची वाढ मंदावते. दंड आणि मांड्या सगळ्यांत आखूड राहतात, धड मात्र जवळपास इतरांइतकंच वाढतं. बुद्धीवर याचा काही परिणाम होत नाही. दहापैकी साधारण आठ मुलांचे आईवडील नेहमीच्या उंचीचे असतात, म्हणजे हा बदल त्या मुलापासूनच सुरू झालेला असतो. हिच्या घरीही तसंच आहे. तरी ‘ग्रहणात काय चिरलं होतंस?’ असं तिच्या आईला विचारणाऱ्या बायका अजून भेटतात. म्हणून ठासून लिहिते. ग्रहणाचा, खाण्यापिण्याचा, आईच्या कुठल्याही वागण्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही.

शाळेने आपल्या परीने तयारी करून ठेवली होती. बालवर्गातलं लाल प्लॅस्टिकचं टेबल आणि खुर्ची आणून वर्गाच्या पुढच्या कोपऱ्यात मांडली होती. हेतू चांगलाच होता. पण मुलगी तिथे बसली आणि गडबड लगेच दिसली. पाय व्यवस्थित टेकले, पण धड लांब असल्यामुळे लिहिताना तिला पाठीची कमान करून वाकावं लागत होतं. या मुलांच्या मणक्यातली मज्जारज्जूची वाट मुळातच अरुंद असते. रोज पाच-सहा तास असं बसणं त्यांना परवडणारं नाही.

मग तिला मैत्रिणीशेजारी नेहमीच्या बाकावर बसवलं. दोघींची डोकी जवळपास एका पातळीला आली, डेस्कची उंचीही चालण्यासारखी होती. अडचण होती ती खाली. पाय अधांतरी लोंबत होते, आणि बसायची फळी इतकी खोल, की पाठ टेकवायची तर पाय समोर सरळ पसरावे लागत. पाठीमागे जाड उशी आणि पायांखाली पक्का लाकडी पाट, एवढंच हवं होतं. पुठ्ठ्यावर पुठ्ठा ठेवत मी पाटाची उंची ठरवली. तळवे नीट टेकले तशी ती म्हणाली, “ताई, आता मुंग्या येणार नाहीत.” मुंग्या पहिलीपासून येत होत्या. तिने वर्गात कुणाला सांगितलं नव्हतं.

मग आम्ही शाळाभर फिरलो. दिव्याची बटणं, पाण्याचे नळ, फळा, प्रयोगशाळेतला कट्टा. ती पुढे आणि मी मापं घेत मागे. चालता चालता ती मला हॉबिटांबद्दल, म्हणजे टॉल्किनच्या कादंबरीतल्या बुटक्या लोकांबद्दल सांगत होती. मामेभावाकडून आणलेलं ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हे जाडजूड पुस्तक तिने सुट्टीत वाचून काढलं होतं. हॉबिट दोन ते चार फूट उंच असतात, अनवाणी चालतात, त्यांच्या तळव्यांचं कातडं जाड असतं आणि पावलांवर कुरळे केस असतात, तेहतिसाव्या वर्षी ते सज्ञान होतात, स्वतःच्या वाढदिवसाला दुसऱ्यांना भेटी देतात. “ते जादूचे नाहीत, ताई. आपलेच नातेवाईक आहेत, असं पुस्तकातच लिहिलंय.” मग म्हणाली, त्या पुस्तकावरच्या सिनेमात फ्रोडो, म्हणजे गोष्टीतला नायक हॉबिट, लांबून किंवा पाठमोरा दिसतो तेव्हा बऱ्याचदा तो किरण शहा असतो. नैरोबीत जन्मलेला, भारतीय वंशाचा, १२६ सेंटीमीटर उंचीचा कलाकार. ही उंची तिला तोंडपाठ होती.

मला त्या चित्रपटाबद्दल एकच गोष्ट ठाऊक होती, ती मी तिला सांगितली. दिग्दर्शक पीटर जॅक्सनने बिल्बो या हॉबिटचं घर लहान आणि मोठ्या अशा दोन मापांत बांधून घेतलं होतं. एका घरात गॅन्डाल्फ या जादूगाराचं डोकं तुळईला आपटतं, दुसऱ्या घरात नेहमीच्या उंचीचे नट हॉबिट वाटतात. माणूस तोच. खोलीचं माप बदललं की तो बुटका ठरतो किंवा उंच. माझ्या व्यवसायात जे शिकवतात ते हेच. कुणी तिला हॉबिट म्हणावं असं मला अजिबात वाटत नाही. ती माणूस आहे आणि हॉबिट कल्पनेतले आहेत. पण त्यांच्याबद्दल बोलताना तिचा आवाज मोकळा होत होता, म्हणून मी ऐकत राहिले.

मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी दाराच्या पार वरच्या टोकाला होती. तिचा हात पोचत नाही. मैत्रीण बाहेरून दार ओढून धरते, आणि मैत्रीण शाळेत आली नाही तर ही सकाळपासून पाणीच पीत नाही. बारा वर्षांची मुलगी. वेळापत्रक सांगावं तसं तिने हे सांगितलं आणि मला भयंकर संताप आला. खाली एक कडी बसवायला चार स्क्रू लागतात.

नंतर मोठ्या बाईंच्या खोलीत सगळे बसलो. बाई मनापासून काळजी करणाऱ्या आहेत. त्यांनी विचार करून ठेवला होता. बालवर्गाच्या इमारतीत नळ, कड्या, बेसिन सगळंच लहान मुलांच्या मापाचं आहे, तर हिने ते वापरावं. मधली सुट्टीही तिकडेच घ्यावी, म्हणजे मोठ्या मुलांची धक्काबुक्की नको. मावशी सोबत राहतील. आई मान डोलावत होती. शाळा काही करतेय यातच तिला भरून आलं होतं.

मुलगी म्हणाली, “मोठ्या बाई, मला शायर नकोय. मला ब्री हवंय.”

कुणालाच काही कळलं नाही. बाईंनी विचारलं, “ब्री म्हणजे काय गं?”

तिने सविस्तर सांगितलं. शायर हा हॉबिटांचा मुलूख. तिथे दारं, खुर्च्या, वाटा, सगळं त्यांच्या मापाचं, त्यामुळे तिथे कुणी बुटकं नसतंच. पण तिथे फक्त हॉबिटच राहतात आणि बाहेरच्यांबद्दल त्यांना फारसं माहीतही नसतं. शायरच्या पूर्वेला ब्री नावाचं गाव आहे. तिथे माणसं आणि हॉबिट एकाच गावात राहतात. घरं वेगळी, पण गाव एकच, बाजार एकच, गप्पांची जागा एकच. गावात सराई आहे, तिचा मालक माणूस आहे, चांगला जाडजूड. फ्रोडो आणि त्याचे सोबती रात्री दमून तिथे पोचतात, तेव्हा तो मालक म्हणतो, आमच्याकडे हॉबिटांसाठी मुद्दाम बांधलेल्या खोल्या आहेत. तळमजल्यावर, कारण त्यांना तळमजला आवडतो. खिडक्या गोल, कारण त्यांना गोल आवडतात. आत बसक्या, आरामशीर खुर्च्या. “आणि जेवण झाल्यावर ते मोठ्या दिवाणखान्यात सगळ्यांमध्ये जाऊन बसतात, बाई. तिथे त्यांना कुणी वेगळं काढत नाही.”

मला जे अहवालात चार पानं लिहून सांगायचं होतं ते तिने सांगून टाकलं होतं.

बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारलेला प्रश्न मला फार आवडला. “त्या सराईवाल्याने खोल्या आधीच बांधून ठेवल्या होत्या, की हे लोक आल्यावर?”

“आधीच,” ती म्हणाली. “कारण असे पाहुणे येतात हे त्याला माहीत होतं.”

इथे मी बोलले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे जे २१ प्रकार धरले आहेत, त्यांत प्रौढपणी १४७ सेंटीमीटर किंवा त्याहून कमी उंची राहणारी ही अवस्थाही आहे. शाळेत योग्य त्या सोयी मिळणं हा तिचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही. आईकडे पाहून हे मी मुद्दाम सावकाश सांगितलं. सोयी मागताना आईवडील अपराध्यासारखे बसतात हे मी कितीतरी घरांत पाहिलं आहे. त्या दिवशीही आईची पर्स मांडीवर घट्ट धरलेली होती.

सुतारकाकांना बाईंनी त्याच दुपारी बोलावून घेतलं. पाट दोन करायचे ठरले, एक वर्गात आणि एक प्रयोगशाळेत, दोन्ही तळाला रबर लावून, म्हणजे घसरणार नाहीत. कडी मुलींच्या आणि मुलांच्याही प्रत्येक दाराला खाली आणखी एक बसवायची, हे बाईंनी स्वतःहून सांगितलं. दुसरीतल्या मुलांचेही हात वर पोचत नाहीत, हे त्यांना त्या दिवशीच सुचलं. फिरवायच्या नळांच्या जागी दांडीचे नळ, बेसिनपुढे रुंद पायरी. बटणांच्या पट्ट्या खाली घ्यायला वायरिंग बदलावं लागेल, ते दिवाळीच्या सुट्टीत. लाल टेबल-खुर्ची बालवर्गात परत गेली.

घरी आल्यावर मुलाच्या कपाटातून ते पुस्तक काढून मी सराईचं प्रकरण शोधलं. सराईच्या मालकाच्या तोंडी त्या खोल्यांचा उल्लेख जेमतेम दोन-तीन वाक्यांत आहे. पाहुण्यांना घाईघाईने आत नेताना तो ते बोलून जातो. शेकडो पानांच्या लढाया आणि प्रवासातून या मुलीने नेमकी ती वाक्यं उचलली होती. लेखकानेही ब्रीबद्दल लिहिताना म्हटलं आहे की अशी चमत्कारिक पण उत्तम व्यवस्था जगात दुसरीकडे कुठेच नव्हती. मुलांना कल्पनेतल्या गोष्टींत रमू देऊ नका, खऱ्या जगाची सवय लावा, असं मला सांगणारे पालक भेटतात. या मुलीने खऱ्या शाळेकडे काय मागायचं ते त्या कल्पनेतल्या गावावरून ओळखलं.

कड्या आठवड्याभरात लागल्या. पाट आले, त्यांतल्या एकाची उंची अर्ध्या इंचाने जास्त निघाली, ती तासून घेतली. शाळेच्या बसची पहिली पायरी अजून तशीच आहे. जमिनीपासून इतकी वर की तिला दोन्ही हात टेकवून चढावं लागतं. बस ठेकेदाराची आहे आणि तो घडीची पायरी बसवायला तयार नाही. बाईंनी त्याला पत्र दिलं आहे, मी मापांसह आकृती काढून दिली आहे, आणि सोमवारी आम्ही दोघी त्याला भेटायला जाणार आहोत. मुलीला यायचं आहे म्हणे. मी हो म्हटलं आहे.