शंकांना वेबकॅमवरून उत्तर देताना

ऑनलाइन शिकवताना प्रत्येक शंकेला व्हिडिओ काढायचा नसतो. ‘या गणितात पायची किंमत कोणती घ्यायची?’ याला एका ओळीचं लेखी उत्तर पुरतं. तिथे कॅमेरा लावला तर ओळभर माहितीसाठी मुलाला दीड मिनिट बसवून ठेवल्यासारखं होतं. व्हिडिओ लागतो तो मधली एखादी पायरी निसटून विचार अडलेला असतो तेव्हा, किंवा हाताने करून दाखवल्याशिवाय उत्तर पटणार नसतं तेव्हा. माझ्या मते आणखी एक जागा आहे. मुलाने तेच परत परत विचारलंय आणि आता लिहिलेलं काहीही त्याला तुटक वाटेल, अशा वेळी चेहरा आणि आवाजच कामाला येतात.

नेहमी येणारी एक शंका घेऊ. ‘चेंडू सरळ वर फेकला की सगळ्यात वरच्या टोकाला त्याचा वेग शून्य होतो. मग तिथे त्वरण शून्य का नाही?’ लिहून सांगायचं तर ‘गुरुत्वत्वरण बदलत नाही’ एवढं सांगता येतं. ते बरोबर आहे, पण मुलाची गल्लत वेग आणि वेगातला बदल यांत झालेली असते, आणि ती तशीच राहते. इथे वेबकॅमचं रेकॉर्डिंग स्वतःच पुरावा होतं. भिंतीला उभी मोजपट्टी चिकटवा, चेंडू पट्टीला जवळजवळ लागून ३०-४० सेंटिमीटर वर उडवा आणि सेकंदाला ३० फ्रेमने रेकॉर्ड करा. टोकाच्या फ्रेमपासून एकेक फ्रेम पुढे गेलं की चेंडू टोकाखाली साधारण ५, मग २२, मग ४९ मिलिमीटरवर दिसतो, म्हणजे १, ४, ९ या प्रमाणात. टोकाला त्वरण शून्य असतं आणि तसंच राहिलं असतं, तर चेंडू तिथेच लटकला असता. हे मुलाला स्वतः मोजू द्या. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची की दाबली की एक फ्रेम पुढे जाते, स्वल्पविरामाची दाबली की एक मागे.

यात दोन गोष्टी बिघडतात. फ्रेम नेमकी टोकावर पडेलच असं नाही. म्हणून चार-पाच वेळा उडवा आणि ज्या फेकीत टोकाच्या फ्रेमच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या फ्रेममध्ये चेंडू सारख्याच उंचीवर आहे ती निवडा. दुसरं, पट्टी चेंडूच्या बरीच मागे असेल तर अंतर खऱ्यापेक्षा जास्त वाचलं जातं. प्रमाण तेच राहतं, आकडे मात्र फुगतात.

आणि हे सगळं उजेडावर अवलंबून आहे. उजेड कमी पडला की वेबकॅम शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. मग ३० च्या जागी १५ किंवा त्याहून कमी फ्रेम येतात आणि चेंडूची नुसती रेघ दिसते. रेकॉर्डिंगमध्ये लागोपाठ दोन फ्रेम हुबेहूब सारख्या दिसल्या तर समजा, कॅमेरा मागे पडलाय आणि सॉफ्टवेअर जुनीच फ्रेम पुन्हा भरतंय. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘लो लाइट कॉम्पेन्सेशन’ असेल तर ते बंद करा. फ्रेम टिकतील, चित्र काळवंडेल, आणि मग दिवा वाढवावाच लागेल. नुसता चेहरा दाखवायचा असला तरी खिडकी समोर हवी. पाठीमागे असली तर कॅमेरा खिडकीच्या उजेडाशी जुळवून घेतो आणि चेहरा काळा पडतो. दिव्याखाली चित्रात आडवे पट्टे सरकत असतील तर अँटी-फ्लिकर सेटिंग विजेच्या फ्रिक्वेन्सीप्रमाणे ५० किंवा ६० हर्ट्झवर ठेवा. चष्म्यावर चमक येत असेल तर दिवा वर उचलून एका बाजूला घ्या.

वही कॅमेऱ्यासमोर धरून दाखवायचा मोह टाळा. बऱ्याच लॅपटॉपच्या कॅमेऱ्यांचा फोकस कायमचा ठरलेला असतो. कागद जवळ आणला की अक्षरं धूसर होतात. ऑटोफोकस असेल तर तो मागेपुढे चाचपडत राहतो. शिवाय चौकट पांढऱ्या कागदाने भरली की एक्सपोजर (कॅमेरा किती उजेड घेतो ते) आपोआप खाली येतं आणि कागद राखाडी दिसतो. त्यापेक्षा वहीच्या पानाचा फोटो स्क्रीनवर उघडून त्यावर बोट ठेवल्यासारखा कर्सर फिरवा. लिहून दाखवणं गरजेचंच असेल तर वेगळा यूएसबी वेबकॅम स्टँडवर उलटा टांगून कागदापासून ३०-४० सेंटिमीटर वर ठेवा, कागद खाली ठेवल्यावर फोकस आणि एक्सपोजर दोन्ही लॉक करा, आणि जाड टोकाच्या पेनाने मोठं लिहा. चित्र उलटं आलं तर ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये १८० अंशात फिरवता येतं. प्रिव्ह्यूत आपण आरशासारखे दिसतो, रेकॉर्डिंगमध्ये मात्र बहुधा सरळ. तरी पाच सेकंदांची चाचणी घेऊन अक्षरं वाचून बघाच.

चित्र जरा कमी-जास्त झालं तर मुलं चालवून घेतात, आवाज खराब असला की बंद करतात. लॅपटॉपचा माइक पंखा आणि कीबोर्ड दोन्ही ऐकतो. वायरच्या इअरफोनचा माइकसुद्धा त्याहून बरा, कारण तो तोंडाजवळ, १५-२० सेंटिमीटरवर असतो. माइकपासूनचं अंतर दुप्पट झालं की तुमचा थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, खोलीतला प्रतिध्वनी मात्र जवळपास तेवढाच राहतो; आवाज घुमतो तो त्यामुळे. ब्लूटूथ हेडसेट टाळलेला बरा. त्याचा माइक चालू झाला की तो बहुधा कॉलच्या मोडमध्ये जातो आणि टेलिफोनसारखा दबका आवाज येतो. मोठ्यात मोठा बोललेला शब्द रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहील असं बघा. शून्याला टेकलेला आवाज फाटतो आणि नंतर नीट होत नाही.

रेकॉर्डिंग एमकेव्ही या फाइलप्रकारात करा. मध्येच कॉम्प्युटर बंद पडला तरी तोवरचा भाग वाचतो, साध्या एमपी४ची अख्खी फाइल जाऊ शकते. नंतर ओबीएसच्या फाइल मेनूतल्या रीमक्सने तिची एमपी४ होते. चेहऱ्यासाठी ७२०पी आणि १५०० केबीपीएस बिटरेट (सेकंदाला लागणारा डेटा) पुरे, मिनिटाला साधारण १२ एमबी. स्क्रीनवर बारीक अक्षर असेल तेव्हाच १०८०पी घ्या. मोबाइल डेटावर बघणाऱ्याचा विचार हवा.

बोलण्याचं तंत्र थोडक्यात सांगते. पहिलं वाक्य म्हणजे शंका, तीही मुलाच्याच शब्दांत. दुसरं, विचार कुठे घसरला ते. मग करून दाखवणं. शेवटी एक उलट प्रश्न: ‘चेंडू वर जाताना अर्ध्या वाटेत असेल तेव्हा त्वरण कोणत्या दिशेला?’ त्याचं उत्तर लेखी मागवा. ‘वरच्या दिशेला’ असं आलं तर फेकीचा जोर चेंडूत शिल्लक राहतो असं त्याला वाटतंय. ही वेगळी गल्लत आहे आणि तिला वेगळा व्हिडिओ लागेल, पहिलाच पुन्हा पाठवून उपयोग नाही. लांबीबद्दल म्हणाल तर २०१४ साली एडेक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवरच्या चार कोर्सेसमधली सुमारे ६९ लाख बघण्याची सत्रं तपासली गेली, तेव्हा व्हिडिओ कितीही मोठा असो, बघण्याचा मध्यक वेळ ६ मिनिटांच्या वर गेला नव्हता. एका शंकेला मी तीन मिनिटांची मर्यादा मानते. एका व्हिडिओत दोन शंका घातल्या की दुसरी शोधायला कुणी येत नाही.

कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत हवा, लॅपटॉपखाली पुस्तकं ठेवा. अख्खं भाषण लिहून वाचू नका, डोळे ओळींवरून फिरताना स्पष्ट दिसतात. चार शब्दांची चिठ्ठी लेन्सच्या खाली चिकटवा. अडखळलात तर दोन सेकंद गप्प राहून ते वाक्य पहिल्यापासून बोला. कापताना आवाजाच्या आलेखात ती सपाट रेघ चटकन सापडते.

व्हिडिओ इतरांनाही दाखवायचा असेल तर मुलाचं नाव घेऊ नका, आणि वहीच्या फोटोतलं नाव झाका. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवला तरी लिंक मिळेल त्याला तो दिसतो, हे लक्षात असू द्या. ड्राइव्हवर टाकलात तर लिंक पाठवण्याआधी ती लॉग-आउट केलेल्या ब्राउझरमध्ये उघडून बघा, नाहीतर परवानगी मागणारे मेल येत राहतात. शीर्षकात ‘प्रकरण ३, शंका ७’ लिहू नका, प्रश्नच लिहा. पुढच्या वर्षीचं मूल तेच शब्द टाकून शोधणार आहे. यूट्यूबवर त्याच लिंकवर नवी फाइल चढवता येत नाही. तेव्हा बोलण्यात चूक राहिली असेल तर आधी दुरुस्त व्हिडिओ टाका, ज्यांना जुनी लिंक दिली त्यांना नवी पाठवा, आणि मगच जुना काढा.