इंजिन शेवटी बघायचं

रविवार, रात्री उशिरा

सकाळपासून ग्रुपवर तीनचार जणांनी तेच एक रील टाकलंय, जुन्या कॉन्टेसाच्या बॉनेटखाली टोयोटाचं टूजेझेड हे तगडं इंजिन आणि खाली सगळ्यांच्या आगीच्या इमोजी. भारी आहे, नाही कुठं म्हणतोय, मी पण दोनदा बघितलं. पण त्या गाडीचा फ्लोअर किती सडला होता, आरसी कोणाच्या नावावर आहे, एवढी ताकद थांबवायला ब्रेक कुठले लावले, हे रीलमध्ये कोणी दाखवत नाही. माझं तर आता पक्कं मत झालंय, जुनी खटारा स्पोर्ट्स गाडी बघायला गेलं की इंजिन सगळ्यात शेवटी बघायचं. जे आपण उतरवणार आहोत नाहीतर नटबोल्टपर्यंत खोलणार आहोत त्याचा आवाज ऐकून काय करायचंय? इंजिन नंतरही मिळतं. धड सांगाडा आणि स्वच्छ कागद नंतर मिळत नाहीत.

आणि इंजिन स्वॅप, म्हणजे एका गाडीत दुसरंच इंजिन बसवणं, हे काही आजकालच्या पोरांनी काढलेलं फॅड नाही. ती कॉन्टेसाच घ्या ना, १९८४ ला आली तेव्हा आतमध्ये ॲम्बॅसिडरवालंच जुनं १४८९ सीसीचं बीएमसी इंजिन होतं, एवढं मोठं धूड आणि ताकद ५० हॉर्सपॉवरच्या आसपास, घाटात मागच्यांना वैताग. नंतर हिंदुस्तान मोटर्सनेच त्यात इसुझूचं १.८ आणि पाच गिअरचा बॉक्स टाकला आणि गाडीला जरा जीव आला. म्हणजे कंपनीनेच स्वॅप केला की. आपल्या जिल्ह्यात तर त्याच्याही आधीपासून चालू आहे, पेट्रोल पिणाऱ्या जुन्या जीपांमध्ये मॅटाडोर टेम्पोचं डिझेल इंजिन बसवून कांदा न्यायचे लोक. त्यांना कोणी मॉडिफायर म्हणलं नाही, ॲव्हरेज मिळावं एवढाच हिशोब होता. आपण ताकदीसाठी करतो, ते पैसे वाचवायला करायचे, वेल्डिंग मात्र तेच.

तर आज मिस्त्रींना घेऊन ओझरच्या पुढं एक गाडी बघायला गेलो. सॅन स्टॉर्म. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गोव्यात बनायची ही, १९९८ च्या सुमारास आली, दोन सीट, कापडी टप, फायबरची बॉडी आणि पुढं रेनोचं ११४९ सीसी पेट्रोल इंजिन. ताकद ६० बीएचपी, म्हणजे आजची साधी हॅचबॅक पण पुढं निघून जाईल. तरी पण त्या काळात आपल्याकडे बनलेली खरी टू सीटर म्हणजे हीच, बाकी आपण ज्यांना स्पोर्ट्स म्हणायचो त्या एस्टीम, व्हीटेक सिटी, १.६ पॅलिओ ह्या सगळ्या घरगुती गाड्याच होत्या, जरा जोरात पळणाऱ्या. एस्टीमबद्दल मला वाकडं बोलायचं नाही, नाशिकच्या रॅलीत धुळीत आडव्या जाणाऱ्या एस्टीम आणि जिप्सी बघूनच हा किडा डोक्यात शिरलाय. पण आज विषय स्टॉर्मचा.

गाडी द्राक्षवाल्या शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. मालक काका एचएएलमधून रिटायर, आयुष्य मिग आणि सुखोईच्या हँगरमध्ये गेलेलं. गाडीवर क्रेटची थप्पी, टपाचं कापड उंदरांनी खाल्लेलं, चारही टायर जमिनीला चिकटलेले, सीटमधून स्पंज बाहेर. रंग लाल होता म्हणे. आता भाजक्या विटेचा झालाय.

मिस्त्रींची एक सवय आहे, खिशात स्पीकरचं लोहचुंबक घेऊन फिरतात. गाडीला लावत जायचं, जिथं धरत नाही तिथं खाली पत्रा नाही, पुट्टी थापलीये. त्यांनी दाराला लावलं, पडलं. फेंडरला लावलं, पडलं. बॉनेटला लावलं, तिथं पण पडलं, मग माझ्याकडं बघून म्हणतात, "काय भो, आख्खी गाडीच पुट्टीची आणली का दाखवायला?" काका जे हसले. फायबर आहे हे मी रस्त्यात सांगितलं होतं पण ते तेव्हा फोनवर होते.

फायबरची गंमत अशी की वरून गाडी कधी सडलेली दिसतच नाही. एस्टीम असती तर रनिंग बोर्ड, मागच्या चाकाच्या कमानी, ड्रायव्हरच्या मॅटखालचा फ्लोअर, स्क्रू ड्रायव्हर टोचला की पाच मिनिटात निकाल. इथं वरती फक्त बारीक चिरा, त्या भरून निघतात, फायबरची मॅट आणि रेझिनचं काम करणारे अंबडला आहेत. सगळा खेळ खाली, लोखंडी सांगाड्यात. म्हणून मिस्त्री चटई टाकून सरळ गाडीखाली गेले आणि बराच वेळ बाहेरच येईनात. डावी बाजू स्वच्छ, ग्रीस पण जागेवर. उजवीकडचा पाईप मात्र पापुद्रे सुटलेला. आम्हाला कळेना एकाच बाजूला का. मग काका म्हणाले तिकडं खताच्या गोणी असायच्या, पोटॅश न् युरिया. झालं. खताचा क्षार ओल धरतो आणि लोखंड खातो, द्राक्षवाल्यांच्या शेडमधल्या अवजारांचे पाय बघा कधीही. नाशिकची हवा कोरडी म्हणून एमएच १५ ची गाडी मुंबईवाल्या गाडीपेक्षा पत्र्याला चांगली असं आपण छाती फुगवून सांगतो, आणि इथं समुद्राचं काम गोणीने केलं.

पण बोटाने दाबून, हातोडीने वाजवून बघितलं तर सडका भाग हातभरच आहे. कापून तेवढ्याच जाडीचा नवा पाईप टाकता येईल. आधी सांगाडा जिगवर, म्हणजे हलू न देणाऱ्या चौकटीवर, धरायचा, मगच कापायचं, नाहीतर गाडी वाकडी बसते आणि मग आयुष्यभर एका बाजूला ओढते. ह्या बाबतीत नाशिकमध्ये राहतो हे नशीबच. सातपूर अंबडला महिंद्रा आणि बॉशच्या जीवावर उभी राहिलेली एवढी छोटी वर्कशॉप आहेत की ड्रॉइंग दिलं की माउंटिंग, बुश, ॲडाप्टर प्लेट, काय पाहिजे ते बनवून मिळतं, ते पण मापात. फक्त एक नगाचा जॉब कोणी मनावर घेत नाही, ओळख काढावी लागते, चहा पाजावा लागतो, आणि "कंपनीचा माल गेला की घेतो" हे ऐकत बसावं लागतं. स्पेअरला अंबड लिंक रोडचा भंगार बाजार होता, २०१७ ला महापालिकेने तो उठवला, तेव्हापासून जरा काही अवघड लागलं की कुर्ल्याचा सीएसटी रोड.

आता माझ्या डोक्यातला खरा प्लॅन. २००७ पासून महिंद्रा रेनोची लोगन आपल्या नाशिकच्याच प्लांटमध्ये बनायची, पुढं भागीदारी मोडली आणि तीच गाडी व्हेरिटो झाली. टॅक्सीत धावल्या त्या १.५ डिझेल, पण १.६ पेट्रोल पण होती, आठ व्हॉल्व्हची, साधी, दणकट, ८० च्या वर बीएचपी. गोव्याच्या रेनोत नाशिकची रेनो. ऐकायलाच किती छान वाटतं, मी तर ह्याच वाक्याच्या प्रेमात पडलोय बहुतेक. पण कागदावर बसवून बघितलं की एकेक गोष्ट बाहेर येते. इंजिन मोठं आणि जड, पुढचे स्प्रिंग बदला. माउंटिंग नवीन, ड्राइव्हशाफ्टची लांबी नवीन, रेडिएटर मोठा, बॉनेट बसतं का ते बघा. शिवाय ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, एकट्याने चालत नाही, इमोबिलायझर चावी ओळखतो, म्हणजे ज्या गाडीतून इंजिन काढलं तिची वायरिंग, चावी, ईसीयू सगळा संसार एकत्र उचलायला लागतो. स्वॅप अडकतो तो वायरिंगमध्ये. इंजिन आत बसलेलं, फोटो टाकून झालेले, आणि पुढं महिनोनमहिने गाडी तशीच उभी, अशी उदाहरणं ह्या शहरात मी बघितलीत.

आणि मग कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर जे आहे ते कंपनीने दिलेल्या माहितीपेक्षा वेगळं होईल असा बदल करायचा नाही, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच उचलून धरलं. त्याच जातीचं इंजिन आरटीओच्या परवानगीने बदलता येतं, नंबर आरसीवर चढवून घ्यायचा. ११४९ च्या जागी १५९८ सीसी, ते नाही. लोक करतात, फिरतात, पण अपघात झाला की इन्शुरन्सवाला आधी इंजिन नंबर बघतो आणि समोरच्या माणसाचं नुकसान तुमच्या बोकांडी. माझ्या मते स्वॅप केलेली गाडी ट्रेलरवर टाकून बंद मैदानात पळवावी, गंगापूर रोडवर मिरवायला ती नाही. हे बोललो की ग्रुपवर मला आजोबा म्हणतात, म्हणू देत.

इंजिन मी सांगितल्याप्रमाणे शेवटीच बघितलं. काकांनी स्वतःहून प्लग काढून दाखवले. गाडी बंद केली तेव्हाच त्यांनी प्लगच्या भोकातून तेल सोडून ठेवलं होतं, आणि मधूनमधून क्रँक पुलीला पाना लावून हाताने फिरवायचे. विमानाचं इंजिन ठेवायची सवय, दुसरं काय. मिस्त्रींनी पाना लावला आणि इंजिन लोण्यासारखं फिरलं. मिस्त्री माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "हे कधी खोलेल नाहीये भो. ह्याला कशाला काढतो?"

काकांनी पण नेमकं तेच विचारलं, "काढणार नाही ना इंजिन?" मी म्हणलं, "काका, आधी चेसिसचं बघू." म्हणजे उत्तर दिलंच नाही. त्यांच्या लक्षात आलं असणार.

येताना आडगावच्या सिग्नलपर्यंत दोघं गप्प, मग मिस्त्रींनी हिशोब मांडला आणि मला तो पटला. आरसीची पंधरा वर्षं कधीच संपलीत. रिन्यूअलला फॉर्म २५ भरून गाडी पेठ रोडला आरटीओत न्यायची, तिथं इन्स्पेक्टर गाडी बघणार, लाईट, ब्रेक, हॉर्न, चेसिस नंबर, इंजिन नंबर. फी पण आता पूर्वीची राहिली नाही, २०२२ ला ६०० चे ५००० झाले, आणि वीस वर्षांवरच्या कारला आता १०,०००, उशिराचा दंड आणि ग्रीन टॅक्स वेगळा. म्हणजे मूळ इंजिनवर गाडी चालू झाल्याशिवाय कागद जिवंत होत नाही, आणि कागद जिवंत नसेल तर ते नुसतं फायबरचं टब. त्यामुळे क्रम आपोआप ठरला. आधी सांगाडा. मग टाकी उतरवून धुवायची, जुन्या पेट्रोलचा गोंद झाला असणार, फ्युएल लाइन आणि ब्रेकचे पाईप नवे, टायमिंग बेल्ट बदलल्याशिवाय सेल मारायचाच नाही, एवढी वर्षं पडलेल्या रबरावर विश्वास ठेवला आणि पट्टा तुटला तर काकांनी जपलेलं सगळं पाण्यात. मग आरटीओ. लोगनचं इंजिन दिसलं तर घेऊन ठेवीन, ठेवायला काय जातं. (हे वाक्य घरी वाचलं जाऊ नये. बाल्कनीत एस्टीमचा गिअरबॉक्स आधीच आहे आणि आईने त्याच्यावर तुळशीची कुंडी ठेवलीये.)

किमतीचं म्हणाल तर काका अडीच लाख म्हणतायत, मी पावणेदोनला आहे. खताचा पाईप दाखवून अजून खाली आणता आलं असतं पण ज्या माणसाने इंजिन असं ठेवलंय त्याच्याशी तेवढी घासाघीस करवली नाही. मिस्त्री नाराज आहेत ह्यावर, त्यांच्या मते दीडच्या वर एक रुपया नको.

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. ॲपवर नंबर टाकला तर गाडीचं रेकॉर्डच येत नाही, जुन्या गाड्यांची ऑनलाइन बॅकलॉग एंट्री झालेली नसते तसं असणार. ते करून मिळतं. पण कागदी आरसी बुकवर एका पतसंस्थेचा बोजा दिसतोय. काका म्हणतात कर्ज कधीच फिटलं, पण बोजा उतरवायला लागणारा फॉर्म ३५ काही सापडत नाहीये, आणि ती पतसंस्था आता चालू आहे का बंद हे पण त्यांना सांगता येईना. बोजा उतरल्याशिवाय गाडी माझ्या नावावर चढणार नाही. म्हणून टोकन दिलं नाही, काकांना राग आला नाही, उलट म्हणाले, "मी पण तुझ्या जागी दिलं नसतं."

उद्या एजंटला फोन करायचाय. मंगळवारी काका लोखंडी कपाट उघडून जुन्या फायली काढणार आहेत, मी पण जातो मदतीला. मिस्त्री येत नाहीत म्हणाले, कागदाला काही चुंबक लागत नाही.