निळी टिक आली, उत्तर आलं नाही

सोमवार, रात्री

नवं प्रेम अचानक गप्प झालं की मागे राहिलेलं माणूस सगळ्यात आधी फोन वाचायला लागतं. म्हणून सुरुवात फोनपासूनच करते. सगळ्यात जास्त चुकीचे निष्कर्ष तिथेच निघतात.

व्हॉट्सॲपवर एक करडी टिक म्हणजे मेसेज आपल्याकडून निघाला. दोन करड्या म्हणजे समोरच्या फोनवर पोचला. दोन निळ्या म्हणजे उघडला गेला. यापलीकडे टिकेला काही सांगता येत नाही. रीड रिसिट, म्हणजे वाचल्याची खूण दाखवणारी सेटिंग, बंद असेल तर मेसेज वाचूनही टिका करड्याच राहतात. ती चालू असली आणि मेसेज वर आलेल्या नोटिफिकेशनमध्येच वाचला, तरी करड्याच राहतात. व्हॉइस मेसेजचं मात्र वेगळं आहे, रीड रिसिट बंद असली तरी तो ऐकल्याचं पाठवणाऱ्याला दिसतं.

एक टिक दिवसेंदिवस हललीच नाही, तर फोन बंद असेल, नेट नसेल, हँडसेट बिघडला असेल, किंवा ब्लॉक केलं असेल. न पोचलेला मेसेज सर्व्हरवर 30 दिवस थांबतो, मग पुसला जातो. ब्लॉक असताना पाठवलेला मेसेज पुढे अनब्लॉक केलं तरी कधीच पोचत नाही. म्हणजे त्या काळात रात्री जागून लिहिलेलं सगळं वाचलं जाईल या आशेवर राहण्यात अर्थ नसतो.

डीपी गेला आणि लास्ट सीन दिसेनासं झालं की बहुतेक जण "ब्लॉक केलं" म्हणून मोकळे होतात. पण समोरच्याने या दोन्ही गोष्टी 'फक्त माझे कॉन्टॅक्ट' अशा ठेवल्या असतील आणि आपला नंबर नुसता कॉन्टॅक्टमधून काढला असेल, तरी डिट्टो हेच दिसतं. ब्लॉकच्या खुणा व्हॉट्सॲपने मुद्दामच अस्पष्ट ठेवल्या आहेत, ब्लॉक करणाऱ्याची प्रायव्हसी जपली जावी म्हणून. मला हे योग्यच वाटतं. मैत्रिणीच्या फोनवरून रिंग देऊन बघणं, इन्स्टावर दुसरं अकाउंट काढून शोधणं, यातून फार तर ब्लॉक आहे की नाही एवढं कळेल. का केलं, हे कळणार नाही, आणि आपल्याला तर तेच हवं असतं.

मंगळवार

का होतं असं, याचा विचार करताना आपण लगेच स्वभावावर जातो. भित्रा होता, खोटारडी होती. कधी ते खरंही असतं. पण मला वाटतं, त्याआधी ओळख कुठून झाली ते बघावं.

कांदेपोह्यांच्या पद्धतीत नकार पोचवायला एक माणूस असायचा. मावशी, मध्यस्थ, वधू-वर मंडळातले काका. "पत्रिका जुळत नाही" हे कारण खरं असो वा नसो, निरोप तरी यायचा, आणि तो न देणाऱ्या घराला चार लोकांत ऐकून घ्यावं लागायचं. ऑफिसमध्ये किंवा ट्रेकच्या ग्रुपमध्ये जुळलं असेल तरी तसंच, पुढच्या शनिवारी पुन्हा तोंड दाखवायचं असतं. डेटिंग ॲपवर भेटलेल्या दोघांमध्ये ओळखीचं तिसरं कुणी नसतं. निघून जाण्याची काही किंमत मोजावी लागत नाही, आणि "मला पुढे जायचं नाही" हे तोंडावर सांगणं मात्र जड जातं. मग न सांगता जाणं सोपं वाटतं.

दुसरं असं की पहिल्या दीड-दोन महिन्यांत दोघांच्या मनातली गोष्ट एकच असेल असं नसतं. एकाच्या लेखी हे प्रेम असतं, दुसऱ्याच्या लेखी चार छान भेटी. पहिल्याला जो विश्वासघात वाटतो, तो दुसऱ्याला एक चॅट थांबली असं वाटतो. म्हणूनच तिसऱ्या-चौथ्या भेटीत "आपण अजून कुणाला भेटतोय का?" हे सरळ विचारावं असं माझं ठाम मत आहे. अवघडल्यासारखं होतं, पण तेव्हाचं ते अवघडलेपण पुढच्या कित्येक रात्रींपेक्षा परवडलं.

बाकी कारणं नेहमीचीच. जुनं प्रेम परतलेलं असतं, घरी दुसरं स्थळ ठरलेलं असतं, कधी लग्न आधीच झालेलं असतं. आणि एक कारण आपल्याकडे विशेष, ज्याची आठवण क्वचितच ठेवली जाते: घरी कळलं आणि फोन काढून घेतला. जात वेगळी, धर्म वेगळा, किंवा नुसतं "आधी शिक्षण पूर्ण कर". मुलींच्या बाबतीत हे आजही होतं. अशा वेळी गप्प बसणं तिने निवडलेलं नसतं.

बुधवार, उशिरा

मेसेज करायचा की नाही? करायचा. पण एकच, आणि नीट लिहून.

मी असा लिहीन: "रविवारपासून आपलं बोलणं झालेलं नाही. तू बरी आहेस ना, एवढं कळव. पुढे भेटायचं नसेल तर तसं सांगितलंस तरी चालेल, मी पुन्हा विचारणार नाही." तीन वाक्यं पुरतात. पहिल्यात काय झालं ते, दुसऱ्यात काळजी, तिसऱ्यात बाहेर पडायला वाट. ही वाट महत्त्वाची. गप्प झालेल्यांपैकी काही जण फक्त भांडण टाळायला गप्प असतात, भांडण होणार नाही असं दिसलं की दोन ओळी लिहितात.

बिघडतं कुठे ते सांगते. "माझं काही चुकलं का?" हा प्रश्न घातला की उत्तर देणाऱ्यावर समजूत काढायची जबाबदारी येते, आणि तेवढ्यासाठीच तो पळत असतो. लांबलचक परिच्छेद उद्यावर टाकला जातो आणि उद्याचा परवा होतो. नुसतं "हॅलो??" एकदा, मग दुसऱ्यांदा, मग कोरं प्रश्नचिन्ह, यातून चिडच दिसते. रात्री एक वाजता पाठवलेला मेसेज सकाळच्या पंचवीस नोटिफिकेशनखाली दबतो, शिवाय पाठवणाऱ्याची झोप जाते ती वेगळीच. संध्याकाळी सात-आठची वेळ बरी.

हा मेसेज समोरच्या माणसाच्या घरातल्या कुणी वाचला तर काय होईल, याचा विचार पाठवण्याआधी करायलाच हवा. म्हणून त्यात भेटीचं ठिकाण नको, फोटो नको, लाडाचं नाव नको, पुढचा बेत नको. फोन वडिलांच्या किंवा भावाच्या हातात असेल तर आपल्या एका ओळीने तिथे मारहाण होऊ शकते. वरच्या तीन वाक्यांबद्दलसुद्धा शंका असेल तर ती गाळून "कामाचं बोलायचं होतं, जमेल तेव्हा फोन कर" एवढंच लिहावं.

मग आठ दिवस थांबायचं. आठ दिवसांत प्रवास, आजारपण, फोनची दुरुस्ती सगळं आटोपतं. तरी काही आलं नाही तर ते संपलं असं धरायचं आणि "पुन्हा विचारणार नाही" हा शब्द पाळायचा.

पाळायचा यासाठी कायद्याचंही कारण आहे, आणि मुलग्यांनी ते नीट समजून घ्यावं. एखाद्या स्त्रीने रस नसल्याचं स्पष्ट दाखवल्यावरही पुरुषाने पुन्हा पुन्हा संपर्क साधत राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली पाठलागाचा गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास 3 वर्षांपर्यंत, पुन्हा झाल्यास 5 वर्षांपर्यंत कैद. ब्लॉक केल्यावर दुसऱ्या नंबरवरून फोन करणं, कॉलेजच्या गेटवर जाऊन उभं राहणं, हे प्रेमात झालं म्हणून वेगळं ठरत नाही.

शुक्रवार

आज मनाबद्दल. दोन महिन्यांच्या ओळखीचं एवढं काय, असं घरचे म्हणतात तेव्हा फार लागतं. त्याला उत्तर आहे.

2003 मध्ये मानसशास्त्रज्ञ नाओमी आयझेनबर्गर, मॅथ्यू लीबरमन आणि किपलिंग विल्यम्स यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाला स्कॅनरमध्ये झोपवून संगणकावर चेंडू फेकायचा खेळ दिला. आणखी दोघं खेळताहेत असं त्याला सांगितलं होतं. थोड्या वेळाने त्या दोघांनी याच्याकडे चेंडू टाकणं थांबवलं, कारण न सांगता. शरीराच्या वेदनेचा त्रास होताना मेंदूचा जो भाग जागा होतो, त्यातच तेव्हा हालचाल दिसली. पुढच्याच वर्षी विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की समोर माणसं नाहीत, नुसता संगणक आहे, हे आधी सांगूनही वगळलं गेल्याचं लोकांना वाईट वाटलं. अनोळखी चेंडूने एवढं होतं. इथे तर रोज "जेवलीस का?" विचारणारं माणूस गेलेलं असतं.

संशोधक पॉलीन बॉस यांनी 1970च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. माणूस घरात नाही, पण गेलाय असंही म्हणता येत नाही, अशा स्थितीत शोक सुरूच होत नाही, अडकून पडतो, हे त्यांनी मांडलं. त्या कुटुंबांचं दुःख आणि हे दुःख एका मापाचं नाही. पण अडकण्याची जागा तीच. बॉस यांचं म्हणणं असं की अशा वेळी शेवट हाती लागण्याची वाट बघू नये, "तो परत येईलही, येणार नाहीही" ही दोन्ही वाक्यं एकत्र धरून जगायला शिकावं. मला हे "विसरून जा" यापेक्षा फार उपयोगी वाटतं.

दर पाच मिनिटांनी चॅट उघडण्याची सवय कशी मोडायची? चॅट डिलीट करू नये, अर्काइव्ह करावी. डिलीट केलेलं तिसऱ्या दिवशी बॅकअपमधून परत आणायचा मोह होतो. स्टोरी म्यूट करावी, समोरच्याला ते कळत नाही. फोन रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावावा आणि गजरासाठी साधं घड्याळ घ्यावं. आणि हे आधी माहीत असावं की बघणं थांबवलं की पहिले काही दिवस बघावंसं वाटणं कमी होत नाही, उलट वाढतं. कधी उत्तर यायचं, कधी नाही, अशा बेभरवशाच्या मेसेजांनी लागलेली सवय सुटताना आधी उसळते. लोक नेमके त्या उसळीत हरतात आणि "मला जमणारच नाही" म्हणतात. ती उसळी ओसरते.

लिहिण्याचा उपयोग होतो, तोही एका रीतीने. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या संशोधकांनी 1986 मध्ये तपासलेली पद्धत: ओळीने चार दिवस, रोज 15 मिनिटं, शुद्धलेखनाकडे न बघता. नुसत्या घटना लिहिणाऱ्यांना किंवा नुसत्या भावना ओतणाऱ्यांना तेवढा फायदा झाला नाही. काय घडलं आणि तेव्हा काय वाटलं, दोन्ही लिहिणाऱ्यांच्या पुढच्या काही महिन्यांत डॉक्टरकडच्या फेऱ्या कमी झाल्या. लिहून उठल्या उठल्या मात्र जास्तच उदास वाटतं. म्हणून हे झोपायच्या तोंडावर करू नये. आणि लिहिलेलं त्या माणसाला पाठवू नये.

झोप आणि जेवण दोन आठवड्यांहून जास्त बिघडलं, किंवा जगूच नये असं वाटू लागलं, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. जगू नये असं वाटत असेल तर दोन आठवडे मोजत बसायचं नाही, लगेच फोन करायचा.

शनिवार

काही वेळा माणूस गायब होण्याचा अर्थ अगदी वेगळा असतो.

पैसे गेले असतील तर हे प्रेम नव्हतं, धंदा होता. लग्न जुळवणाऱ्या साइटवर भेटलेला परदेशातला डॉक्टर किंवा इंजिनिअर, व्हिडिओ कॉल सतत टाळणारा, कस्टममध्ये अडकलेल्या पार्सलसाठी पैसे मागणारा, पैसे पोचताच नाहीसा होणारा. अशा वेळी लाजत बसू नये, तास मोजके असतात. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा, आपल्या बँकेला कळवायचं, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवायची. हाताशी लागतं ते: यूपीआयचा 12 अंकी व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ, पैसे गेले तो खाते क्रमांक किंवा यूपीआय आयडी, आणि गप्पांचे स्क्रीनशॉट. डेटिंग ॲपवर अनमॅच झालं, म्हणजे जुळलेली जोडी एकाने तोडली, की गप्पांचा धागा सहसा आपल्याकडूनही जातो, म्हणून रागाच्या भरात आपण आधी अनमॅच करायचं नाही, आधी स्क्रीनशॉट.

खासगी फोटो दिले असतील आणि ते पसरतील अशी भीती असेल तर 'स्टॉप एनसीआयआय' नावाची सोय आहे, 18 वर्षांवरच्यांसाठी. फोटोची डिजिटल खूण आपल्याच फोनवर तयार होते, फोटो कुठेही पाठवावा लागत नाही, आणि सहभागी साइट त्या खुणेवरून तो अडवतात.

आणि समोरच्याने शेवटच्या दिवसांत जीव द्यायची भाषा केली असेल किंवा घरातून जिवाला धोका असल्याचं सांगितलं असेल, तर वरचा एका मेसेजचा नियम लागू नाही. 112 ला फोन करायचा, माहीत असेल तेवढा पत्ता द्यायचा. बेपत्ता असल्याची तक्रार द्यायला 24 तास थांबावं लागतं हा नुसता समज आहे.

रविवार, सकाळी

परत येण्याबद्दल लिहायचं राहिलं होतं. गायब झालेली बरीच माणसं परत डोकावतात. आधी एखादी स्टोरी बघितलेली दिसते, मग रीलवर लाईक, मग एखाद्या रात्री "हाय, कशी आहेस?", जणू मधले दिवस गेलेच नाहीत. हा मेसेज आल्या आल्या उत्तर देऊ नये, एक रात्र जाऊ द्यावी. मग एकच विचारावं: "मध्ये काय झालं होतं?" ज्याच्याकडे कारण आहे तो या प्रश्नाने सुटकेचा श्वास घेतो आणि सांगतो, फोन काढून घेतलेली मुलगी तर पहिल्याच ओळीत सांगते. "बिझी होतो गं" एवढंच आलं, किंवा प्रश्न ओलांडून "मग, भेटायचं कधी?" आलं, तर पुढच्या वेळी अडचण आल्यावर हे माणूस काय करेल ते आपल्याला कळलेलं असतं.

तोवर आवरायची कामं: गुगल मॅप्सवर शेअर केलेलं लोकेशन बंद करणं, ओटीटीचा पासवर्ड बदलणं, डिलिव्हरी ॲपमधला त्यांचा पत्ता काढणं, नाहीतर एखाद्या दिवशी जेवण तिकडे जातं. त्यांचं पुस्तक, जॅकेट पिशवीत घालून नजरेआड ठेवावं. ते परत द्यायच्या निमित्ताने त्यांच्या दारी जाऊ नये. मागितलं तर कुरिअर करावं.