खुनी सापडल्यावरही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. ‘चाळीस-पन्नासच्या दशकांतले ते अमेरिकन थरारपट म्हणजे दोन घटका करमणूक. त्यांत तुम्हाला सारखी हॉलिवूडची काळी यादी कशी दिसते?’

दिसते, कारण ते बनवणारी माणसं त्या यादीच्या भीतीत जगत होती. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून ज्यांना स्टुडिओ काम देत नसत, त्यांची ती यादी. ‘क्रॉसफायर’ १९४७चा. त्याच वर्षी त्याचे दिग्दर्शक डमिट्रिक आणि निर्माते स्कॉट अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या, कम्युनिस्ट शोधणाऱ्या चौकशी समितीपुढे उभे राहिले, उत्तरं दिली नाहीत म्हणून पुढे तुरुंगात गेले. १९५१मध्ये डमिट्रिकनी त्याच समितीला कम्युनिस्ट सहकाऱ्यांची नावं सांगितली. हे काय मी ओढूनताणून आणलं?

पण मला खरं हलवलं ते निकोलस रे यांच्या ‘इन अ लोनली प्लेस’ने (१९५०). पटकथालेखक डिक्सनवर खुनाचा संशय आहे. शेजारीण लॉरेल त्याच्या बाजूने साक्ष देते, त्याच्यावर प्रेम करते आणि हळूहळू त्यालाच घाबरू लागते. शेवटी फोन येतो, खुनी सापडला. तेव्हा डिक्सनचे हात तिच्या गळ्याशी असतात.

नोकरीत असताना आमच्याकडे रोकड कमी भरली. तोंडावर कुणी काही बोललं नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाई, ज्यांच्याबरोबर मी रोज डबा खायचो, त्या मी जवळून गेलो की ड्रॉवरला कुलूप लावू लागल्या. एकदा धीर करून विचारलं, ‘तुम्हाला काय वाटतं?’ ‘मला कशाला काय वाटेल?’ म्हणाल्या आणि डब्याचं झाकण लावलं. पुढे चूक सापडली, एक नोंद दोनदा झाली होती. साहेबांनी सर्वांसमोर तसं सांगितलं. दुपारी बाईंनी आपणहून भाजी वाढली. मी हात धुवायला उठलो आणि मागे किल्ली फिरली. सवयीने फिरली असेल. मी विचारलं नाही, पण त्यानंतर त्यांच्याबरोबर जेवलोही नाही.

तो फोन म्हणूनच मला ऐकवत नाही.

पूर्वी मी ठासून सांगायचो की हा सिनेमा म्हणजे काळ्या यादीचंच रूपक. आता तेवढ्यावर माझंच भागत नाही. डोरोथी ह्यूजेस यांच्या मूळ कादंबरीत (१९४७) डिक्स युद्धावरून परतलेला वैमानिक आहे आणि तो खरोखरच बायकांचे खून करतो. घरी परतलेल्या पुरुषांच्या हातांची ती भीती. सिनेमाने त्याला त्या एका खुनापुरतं निर्दोष केलं, पण हात तेच ठेवले. मग लॉरेलचं घाबरणं खोटं कसं म्हणू? आणि खरं म्हटलं, तर त्या ड्रॉवरचं काय करू?

लॉरेलने कधीच पळून जायला हवं होतं, असं माझी मुलगी म्हणते. मी तिला अजून हो म्हटलेलं नाही.